अठ्ठ्याऐंशीवं मिनिट

पाटीलपाडा, पो. किन्हवली
२२ सप्टेंबर

वैष्णवी,

आशीर्वाद हाय तो हायच. दर पत्रात नवा लिवायची गरज नाय.

शनिवारपासून तुझा फोन बंद लागतो. शेजारच्या संजीवनीच्या फोनवरून सात वेळा लावला. आता मी तिच्या दारात गेली की तिच्या घरातली माणसं टीव्हीचा आवाज कमी करून कान देतात, म्हणून वही काढली. हा पत्ता तू मला चादर पाठवलीस तिच्या खोक्यावरचा. खोक्यात लसूण ठेवला होता म्हणून ते वाचलं. मी तिसरीपर्यंत शिकली, त्यात जेवढं येतं तेवढं लिवते. जोडाक्षर चुकलं तं तूच जोडून घे.

खेळ सगळ्या गावानं पायला. महिपतनं समाजमंदिरात पडदा लावला होता. हाच महिपत, ज्याला परवापरवापर्यंत कबड्डी सोडून बाकी सगळा पोरखेळ वाटायचा. आता त्याला फुटबॉलातलं ऑफसाईड कळतं बोलतो. मला बोलला, "आजे, समजवून सांगू?" मी बोलली, "लग्नाला वीस वर्षं झाली तरी हिरीला तू अजून समजला नायस, मला काय समजवतोस?" त्याची बायको हिरी सगळ्यात मोठ्यानं हसली.

पडद्यावर तुझं तोंड आलं तवा बायांनी आरडा केला. कोणी तरी माझ्या गळ्यात हार घातला. मी बोलली, काढा गो, मी काय मेली का. पण काढला नाय. घातला तं घातला.

एवढा वेळ कोणाचाच गोल नव्हता. तू चार वेळा बॉल अडवलास, ते मी मोजलं. मंग अठ्ठ्याऐंशीवं मिनिट आलं. बॉल तुझ्या हातात आला होता. चांगला आला होता. मंग सुटला आणि त्या पिवळ्या सदरेवालीनं आत ढकलला. कसा सुटला ते मी पायलं. ते राहू दे.

लोक काय बोलले ते इचारशील. काय नाय बोलले. खेळात व्हायचंच, असं बोलले. चहा झाला, सगळे गप्पा मारत घरी गेले. महिपतनं फटाक्यांची माळ आणली होती, ती दिवाळीला कामाला येईल.

तुझ्या बापालाबी मुरबाडच्या नव्या संसारातून सवड मिळाली. फोन केला. "मी आधीच सांगितलं होतं," एवढं बोलला सुनिल. काय सांगितलं होतं ते त्याला आठवत नसंल, पण बोलला.

हाताला लागलंय का? लागलं असंल तं हळद लाव. तिकडं हळद मिळत नसंल तं कळव.

सोनूबाई


कोलकाता
२९ सप्टेंबर

आजे,

तुझं पत्र हॉस्टेलच्या बाईंनी हातात दिलं तेव्हा मला वाटलं बँकेचं काहीतरी आहे. मग अक्षर पाहिलं. जोडाक्षरं सगळी बरोबर आहेत. फक्त "अठ्ठ्याऐंशी" तीन वेळा खोडलंयस.

हाताला काही झालेलं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं, सांगायला काहीतरी असतं.

फोन मी बंद ठेवलाय. मॅच संपल्यावर ड्रेसिंग रूममध्ये सुरू केला तर तो हातात थरथरतच राहिला. चौदाशे लोकांनी लिहिलं होतं. हंगामाचा पहिला आठवडा, त्यात इतक्या मॅच झाल्या, पण सगळ्यांना माझाच बॉल दिसला. एकाने तो क्षण गाणं लावून पुन्हा पुन्हा फिरवलाय. एकाने लिहिलं, हिला बॉल सोडायला पैसे दिले होते. आणि सगळ्यात जास्त लोकांनी एकच वाक्य लिहिलं, "गावी जा आणि भात लाव." हंगामाआधी माझी मुलाखत घेतली होती ना, त्यात मी सांगितलं होतं की झेल घ्यायला मी आमच्या खाचरात शिकले, आजी बांधावरून भाताच्या रोपांच्या जुड्या फेकायची आणि मी झेलायचे. ते तेव्हा सगळ्यांना फार आवडलं होतं. आता तेच काढून तोंडावर मारतायत.

कोचने मला तो बॉल वीस वेळा दाखवला. पुढून, मागून, हळू करून. हातात बसलेला आहे. कोणी धक्का दिला नाही. मीच सोडलाय. "का?" असं ते विचारतात. मला नाही माहीत, आजे. खरंच नाही माहीत. ज्याचं कारणच कळत नाही ते पुन्हा होणार नाही हे मी कोणाला कसं सांगू?

पण काळजी करू नकोस. टीममध्ये आहे. परवाच्या शनिवारची मॅच बरोबरीत सुटली. मी बरी खेळले.

आता एक सांगते. क्लबने एक कागद दिलाय. ज्या मुलींना पुढे खेळायचं नसेल त्यांनी सही करून मोकळं व्हायचं. सही केली की हा हंगाम संपला, आणि पुढच्या वर्षी कोणी बोलावेल असं नाही. पंचवीस ऑक्टोबरपर्यंत द्यायचाय. माझ्या उशीखाली आहे.

इथे खोलीत आम्ही तिघी आहोत. दोघी एकमेकींशी बंगालीत बोलतात. वाईट नाहीत. मी आत गेले की हिंदीत येतात, आणि मग बोलायचं काही उरत नाही.

तू फक्त ये म्हण. मी येते.

गावाने फाट्यावर लावलेला माझ्या फोटोचा बोर्ड अजून आहे का?

तुझी वैष्णवी


पाटीलपाडा
३ ऑक्टोबर

वैष्णवी,

पत्र पोचलं. पोस्टमन बोलला, "आजे, कोलकात्याचं हाय, फोडून वाचू का?" मी बोलली, तुझ्या घरचं पत्र आलं तं मला बोलाव, आपण दोन्ही वाचू.

तो कोण मेला बोलला, भात लाव म्हणून? आणि चौदाशे जणांना दुसरं काय सुचलं नाय? तिकडं तं तिन्ही तिरकाळ भातच खातात असं तूच सांगितलं होतंस. मंग तो लावतो कोण, यांचा सासरा? ज्याला भात लावणं शिवी वाटते त्याला एक दिवस माझ्या खाचरात उभा कर. दुपारपर्यंत कंबर धरून आईला हाक मारील. शिवी द्यायची तं नीट द्यावी, आमच्याकडं चांगल्या हायत. हव्या असतील तं पुढच्या पत्रात लिवून पाठवते, तू तिथं वाचून दाखव.

बोर्ड वाऱ्यानं पडला. गेल्या आठवड्यात वारा होता.

ये बोलायचं तं कुठं ये? तुझ्या खोलीत मी भाडेकरीण ठेवली. किन्हवलीच्या शाळेत मास्तरीण हाय, पल्लवी नाव. पोर चांगली हाय, पण केस विंचरून जमिनीवर टाकते. तुझी गादी तिला दिली. आता तू आलीस तं पडवीत झोपावं लागंल आणि पडवी गळते.

माझं इचारशील तं मला फुरसत नाय. सकाळपासून कोण ना कोण येतंच. हिरी येते, संजीवनी येते, बसतात, उठवलं तरी उठत नाय. तोंड दुखतं बोलून बोलून. हळवं भात पिवळं पडलंय, आठ दिवसांत कापणीला येईल.

तू बरी खेळलीस लिवलंस. बरं.

कागदाचं तू बघ. मला इंग्रजी वाचता येत नाय, मी काय सांगू?

सोनूबाई


कोलकाता
१० ऑक्टोबर

आजे,

काल क्लबच्या ऑफिसमधून संजीवनी वहिनीला फोन केला. तुझ्याशी नाही, मुद्दाम तिच्याशीच बोलले. तू फोनवर खोटं बोललीस तर कळत नाही. पत्रात तू एकाच ओळीत पल्लवीचे केस आणि पडवी आणलीस तेव्हा मला शंका आली.

वहिनी म्हणाली, "कसली मास्तरीण गो? आजीच्या घरात मांजर सोडून कोणी नाय."

बोर्डाचंही विचारलं. वारा वगैरे काही नव्हता. रविवारी सकाळी तू स्वतः कोयता घेऊन फाट्यावर गेलीस, दोऱ्या कापल्यास आणि बोर्ड डोक्यावर घेऊन घरी आलीस. आता तो गोठ्यावर आहे, माझं तोंड खाली, म्हशीकडे करून.

आणि तुझ्याकडे कोणीच येत नाही हेही ती बोलली. मी विचारलं, तुम्ही का जात नाही? तर म्हणाली, "कसं जायचं? जाऊन काय बोलायचं? तुझं नाव काढलं तं तिला लागेल, आणि नाय काढलं तं कळेलच की मुद्दाम नाय काढलं." हे तुला सांगू नको म्हणाली. मी सांगतेय.

आता माझं. मी पण खोटं लिहिलं. दुसऱ्या मॅचला मला बाहेर बसवलं, तिसऱ्यालाही. गोलात दुसरी मुलगी आहे, नम्रता नावाची, पुण्याची. चांगली खेळते. मी बाकावर बसते, तिला पाणी देते. कोच माझ्याशी नीट बोलतात, त्याचीच भीती वाटते.

एकोणीस तारखेचं तिकीट काढून ठेवलंय. कल्याणला उतरेन.

मी विचारते त्याचं एकदा सरळ उत्तर दे. मास्तरीण नको, वारा नको. मी आले तर तुला बरं वाटेल का?

वैष्णवी


पाटीलपाडा
१४ ऑक्टोबर

वैष्णवी,

पकडलीस. बरं झालं, मास्तरणीला रोज जेवायला काय घालायचं हा मलाबी प्रश्नच होता.

पण तूबी काय मला आंधळी समजू नको. त्या शनिवारी मी संजीवनीकडं जाऊन बसली होती. गोलात दुसरीच पोर उभी. आणि तू लिवतेस बरी खेळली. मी वाचलं आणि घडी घालून ठेवलं. खोटं बोलणाऱ्याला लगेच पकडू नये, त्याला थोडं चालू द्यावं.

आता खरं सांगते, ऐक. पयल्या दिवशी गोल झाल्यावर चहाबिहा काय झाला नाय. पडदा बंद केला आणि माणसं उठली. मयताच्या घरून निघतात तशी निघाली. एकानंबी "येतो" बोललं नाय. हार माझ्या गळ्यात तसाच. मी घरी येऊन म्हशीला घातला, तिनं खाल्ला. दुसऱ्या दिवशी नळावर गेली तं बायांचं बोलणं बंद. मला वाटलं, हसत असतील माझ्या मागं. तीन आठवडे हेच वाटलं. शिव्या दिल्या असत्या तं मी दहा परत दिल्या असत्या. पण गप्प माणसाला काय परत देणार? बोर्डाखालून जाताना तुझं तोंड माझ्याकडं बघायचं, म्हणून काढला. आणि गोठा खरंच गळत होता, ते काय खोटं नाय.

शनिवारी कापणी धरली. एकटीच. सावडीला कोणाला बोलवायला गेली नाय. मी त्यांच्या लावणीला गेलीवती, तं माझ्या कापणीला त्यांनी यायचं, हा नेम हाय, बोलवायचं कशाला? पयल्या दिवशी कोणी आलं नाय. दुसऱ्या दिवशी मी बांधावर पोचली तं महिपत, हिरी आणि आणखी तीन बाया विळे घेऊन आधीच आत शिरलेल्या. "बरी हायस ना?" एवढं इचारलं आणि कापायला लागल्या. दुपारपर्यंत विळ्यांचा आवाज, दुसरा नाय.

भाकरी सोडल्या. सुकटीची चटणी या हातातून त्या हातात. तरी गप्प. मंग मला राग आला. मी बोलली, "कोण मेलंय का गो इथं? मेलं असंल तं सांगा, मी आंघोळ करून येते."

महिपत मान खाली घालून बोलला, "आजे, एक इचारू? रागवायचं नाय."

हिरीनं त्याला कोपर मारलं.

"तो बॉल सोडला कसा गो पोरीनं? हातात होता! दोन्ही हातांत! माझी पोरगीबी धरील तो बॉल!"

"तुझी पोरगी आधी नाक धरून शिंकरू दे," हिरी बोलली.

आणि मंग जे सुटलं ते सुटलं. चौघी एकदम. एक बोलली तिचे हात घामानं ओले होते. दुसरी बोलली तिला कोणी तरी नजर लावली, त्या पिवळ्या सदरेवालीचे डोळेच तसले होते. महिपत बोलला बॉल ओला होता, तं हिरी बोलली, "तुला काय माहीत, तू काय हात लावून आलावतास?" तासभर भांडले. तुला शिव्या दिल्या, तुझ्या कोचला दिल्या, मलाबी दिल्या, मी लाडावून ठेवली म्हणून. वैष्णवी, महिन्याभरात त्या दिवशी मी पयली पोटभर जेवली.

मंग मी उठली. बोलली, कसा सुटला ते दाखवते. कापलेल्या भाताची एक पेंढी उचलली आणि महिपतच्या छातीवर फेकली. त्यानं झेलली. झेलली आणि पायाशी टाकली.

"बघ," मी बोलली. "का टाकलीस?"

दुसरी हिरीकडं फेकली. तिनंबी झेलली, पायाशी टाकली.

आता कळलं का तुला? जुडी झेलायची आणि पायाशी सोडायची, कारण लावायची तिथंच असते. हातात धरून बसलीस तं पुढची जुडी तोंडावर येते. चार वर्षांची असल्यापासून मी तुला हेच शिकवलं. धर, टाक. धर, टाक. शंभरदा, हजारदा. त्या दिवशी तू दमली होतीस, अठ्ठ्याऐंशी मिनिटं उभी होतीस. डोकं थकलं की हात आपल्या जुन्या सवयीनं चालतात. हातांनी जुडी टाकली. मी पडद्यावर बघितलं तवाच कळलं मला. पयल्या पत्रात लिवलं नाय, दुसऱ्यातबी नाय. तू माझंच नाव घेशील म्हणून भ्यायली. घे आता.

त्या चौदाशे मेल्यांना सांग, जिला भात लावता येत नाय तिच्या हातून हा बॉल सुटलाच नसता.

आता तू इचारलंस त्याचं उत्तर. वाटेल. बरं वाटेल. संध्याकाळी एका माणसाची भाकरी थापायला बसते तवा पीठ जास्तच मळलं जातं, आणि उरलेली सकाळी कोंबड्यांना जाते. कोंबड्या जाड झाल्यात. पण मला बरं वाटावं म्हणून तू यायचं हे मला पटत नाय. मला बरं नसंल तं शहापूरला दवाखाना हाय.

तुला यायचं तं ये. तुझ्यासाठी ये. माझ्यासाठी आलीस तं दारात उभी राहशील, मी बघीन, आणि महिन्यानं आपण दोघी एकमेकींकडं बघून गप्प बसू. त्यापेक्षा मांजर बरं.

कापणी झाली. अडीच दिवस लागले.

सोनूबाई


कोलकाता
२३ ऑक्टोबर

आजे,

पत्र अठराला मिळालं. एकोणीसची गाडी होती.

ते वाचलं आणि खोलीतल्या दोघींना मैदानावर घेऊन गेले. टॉवेल ओले करून त्यांची गुंडाळी केली आणि म्हटलं, माझ्याकडे फेका. पहिले सहा मी झेलले आणि सहाच्या सहा पायाशी टाकले. मला कळलंही नाही. त्या दोघी हसल्या, मग मीच रडले, मग त्या घाबरल्या. कोचना सांगायला अर्धा तास लागला. आधी वाटलं त्यांना मी वेडी झाले. मग त्यांनी स्वतः माझ्याकडे एक टॉवेल फेकला आणि माझ्या पायांकडे बघत राहिले. आता रोज सकाळी पन्नास. झेलायचा, छातीशी घ्यायचा, तीन मोजेपर्यंत सोडायचा नाही. अजून दहातला एक पडतो.

तिकीट रद्द केलं. कागद परत दिला, कोराच.

बाकावरच आहे. कोच म्हणाले, या हंगामात कदाचित बाकावरच. त्यांनी खोटं सांगितलं नाही, बरं वाटलं.

फोन सुरू केला. आता कोणी काही लिहीत नाही. एकही नाही. महिन्याभरात सगळे मला विसरले. शिव्या होत्या तेव्हा निदान माझं नाव तरी होतं. इथे संध्याकाळी मैदान रिकामं होतं तेव्हा मी तिथेच बसते थोडी.

एक तारखेच्या शनिवारची मॅच चार वाजता आहे. माझ्यासाठी बघायला नको. मी खेळणार नाही.

वैष्णवी


पाटीलपाडा
२ नोव्हेंबर

वैष्णवी,

बघायचं की नाय ते मला सांगायचं नाय.

संजीवनीकडं गेली. आधी सात-आठ जणी होत्या. तू खेळत नायस हे कळल्यावर अर्ध्या वेळेला निघाल्या, कोणाचं दूध होतं, कोणाची गुरं. संजीवनीबी सैपाकाला उठली. "आजे, तू बस, बंद करू नको," बोलली. मी बसली. घरात टीव्ही आणि मी.

नव्वद मिनिटांत तू दोनदा दिसलीस. पयल्यांदा त्या पुण्याच्या पोरीला पाण्याची बाटली दिलीस. दिलीस ती नीट दिलीस, फेकली नायस. दुसऱ्यांदा दिसलीस तवा जांभई देत होतीस. खेळत नसलीस तरी तोंडावर हात ठेवावा, लोक बघतात.

बारीक झालीस. जेव.

पुढच्या शनिवारी डाव्या हाताच्या खुर्चीवर बस. उजवीकडं बसलीस की तो जाड्या कोच मधी येतो.

सोनूबाई